वाटेवरची भाकर कुणाची?

आजचे चिंतन : १६ जानेवारी, संत जोसेफ वाझ यांचा सण
शुभवर्तमान : लूक १०:१-९



आज गोव्याच्या मातीतले आणि श्रीलंकेचे प्रेषित म्हणून ओळखले जाणारे संत जोसेफ वाझ यांचा सण. या दिवसासाठी मी बहात्तर शिष्यांना पाठवल्याचा उतारा समोर घेऊन बसले. तुम्हा सगळ्यांना तो माहीत आहे. प्रभू त्यांना दोघादोघांनी पुढे पाठवतो. पीक पुष्कळ आहे, कामकरी थोडे आहेत, असं सांगतो. आणि मग सूचना देतो. पैशाची पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरात जाल तिथे आधी शांती द्या, त्याच घरात राहा, आणि ते जे वाढतील ते खा.

लहानपणापासून चर्चमध्ये हा उतारा ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं. देणारे चाललेत घेणाऱ्यांकडे. मिशनरी म्हणजे देणारा. त्याच्याकडे वचन आहे, संस्कार आहेत, औषध आहे, शाळा आहे. समोरच्याकडे काही नाही. गेल्या वर्षापर्यंत हे चित्र तसंच होतं. ते कसं बदललं, ते आज सांगते. त्यात माझ्या घरातलं थोडं येईल, त्याबद्दल सांभाळून घ्या.

माझा प्रश्न

माझा धाकटा भाऊ एका संन्यस्त संघाचा धर्मगुरू आहे. सात वर्षांपूर्वी त्याच्या संघाने त्याला जर्मनीत पाठवलं. तिथे धर्मगुरू कमी झालेत, म्हणून अनेक ठिकाणी धर्मग्राम एकत्र जोडलेत. याच्याकडे चार गावांची चार चर्चेस आहेत. रविवारी एका गावातून दुसऱ्या गावात गाडी हाकायची. एरवी मयतं, आजाऱ्यांच्या भेटी, वृद्धाश्रमातल्या मिस्सा. तो सुरुवातीला गमतीने म्हणायचा, "ताई, इथल्या म्हाताऱ्या माझ्या प्रवचनानंतर दारात उभ्या राहून माझं व्याकरण दुरुस्त करतात."

आम्ही सगळे खूश होतो. वसईच्या आमच्या गावातून परदेशी मिशनवर गेलेला फादर म्हटल्यावर घराला मान असतोच. आईच्या खोलीत त्याचा गुरुदीक्षेचा फोटो आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला ती तो दाखवते.

गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. वय ८१. ऑपरेशन झालं, पण पुढचे दिवस काय असतात ते ज्यांनी घरात असा पेशंट काढलाय त्यांनाच ठाऊक. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवीचं भांडं. चादरी. दिवसा माझं घर, रात्री आईचं घर. तिसऱ्या आठवड्यात मी त्याला फोनवर विचारलं, "तू कधी येतोस?"

तो म्हणाला, "आत्ता कसं जमेल गं? शेजारचे फादर आजारी आहेत, इथे दुसरं कुणीच नाही. काल रात्री एका आजींपाशी बसलो होतो, पहाटे गेल्या. त्यांचं कुणी नव्हतं. आईला तू आहेस ना."

त्या वाक्याने काय झालं ते काय सांगू. मी म्हटलं, "म्हणजे मी आहे म्हणून तू मोकळा. तू परक्या आजीचा हात धरतोस ते पुण्य तुझं, आणि आईचं भांडं मी काढते ते नुसतं काम. तुझं मिशन माझ्या जिवावर चाललंय, एवढं लक्षात ठेव." आणि फोन ठेवला.

नंतर वाईट वाटलं. पण प्रश्न काही गेला नाही. तो मी आज तुमच्यासमोर ठेवते. लांबच्यांची सेवा करायला जवळच्यांना सोडून जाणं योग्य आहे का? आणि एकाच्या त्यागाची किंमत दुसराच कुणीतरी भरत असेल, तर तो त्याग कुणाचा म्हणायचा?

भिकाऱ्याच्या वेषातला पाहुणा

हा प्रश्न मनात घेऊन मी संत जोसेफ वाझ यांचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. त्यातल्या घटना ओळखीच्या होत्या, या वेळी मी त्या वेगळ्या नजरेने पाहिल्या.

वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीला, आजोळी झाला. वडिलांचं गाव सांकवाळ. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी युरोपीय संघांची दारं गोव्याच्या माणसाला जवळजवळ बंदच होती. तेव्हा काही गोमंतकीय धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात एकत्र राहायला सुरुवात केली. वाझ १६८५ मध्ये त्यांना जाऊन मिळाले आणि त्यातून ओरेटरीचा संघ उभा राहिला. आपल्याच मातीतल्या धर्मगुरूंचा संघ. आणि या संघाने परदेशी मिशन हाती घेतलं, ते सिलोनचं, म्हणजे आजच्या श्रीलंकेचं.

तिथे काय परिस्थिती होती? १६५८ पर्यंत डचांनी पोर्तुगीजांना बेटावरून हाकललं होतं. डच कॅल्विनपंथी. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली, चर्चेस ताब्यात घेतली. जवळजवळ तीस वर्षं तिथल्या कॅथलिकांना मिस्सा नाही, पापनिवेदन नाही. पोर्तुगीज फादर गेला असता तर चेहऱ्यावरूनच पकडला गेला असता. गोव्याचा माणूस मात्र गर्दीत मिसळून जाऊ शकत होता. ज्या रंगामुळे गोव्यात त्याला दुय्यम समजत, तोच रंग इथे परवाना झाला. देवाच्या कारभारात असं होतं.

१६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेषात, अनवाणी, तुतिकोरीनहून गलबतात बसले. सोबत त्यांचा सेवक जॉन. प्रवासात हाल झाले. जाफन्याला पोचले तेव्हा अंगात त्राण नव्हतं, हगवण लागलेली. ओळखीचं कुणी नाही. लोकांनी दिलेल्या पेजेवर ते जगले. बरे झाल्यावर ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागायला लागले. कोण त्या माळेकडे पाहून थबकतं, कुणाचे डोळे बदलतात, तेवढं ते बघायचे. अशा रीतीने त्यांना पहिलं कॅथलिक घर सापडलं.

आता सांगा, हे नुसतं वेषांतर होतं का? मला तसं वाटत नाही. सोंग घेणाऱ्याच्या कमरेला कुठेतरी पैशाचा कसा असतो. वाझ यांच्याकडे खरोखर काही नव्हतं. वहाणा नाहीत, झोळी नाही, समोर येईल ते खायचं. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने सांगितलेलं शब्दशः हेच आहे. आणि इथे माझं जुनं चित्र उलटं झालं. प्रभूने शिष्यांना रिकाम्या हातांनी पाठवलं, कारण त्यांनी आधी घ्यायला शिकावं. आधी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहावं, त्याची भाकर खावी, त्याचं ऋण डोक्यावर घ्यावं. मग शांतीचं बोलावं.

किंमत कुणी भरली?

पण यापुढची गोष्ट आपण सणाच्या दिवशी फारशी सांगत नाही. जाफन्याजवळच्या सिल्लालै गावच्या लोकांनी वाझ यांना दोनेक वर्षं लपवून ठेवलं. तिथून ते रात्री-अपरात्री गावोगाव जात. पापनिवेदन ऐकत, उजाडायच्या आत मिस्सा करत, आणि पुढे निघत. १६८९ च्या नाताळच्या वेळी डच शिपायांनी जाफन्यात धाडी घातल्या आणि उपासनेला जमलेल्या लोकांना पकडलं. त्यांच्या म्होरक्यांना फटके मारले, साखळदंडात घालून कामाला जुंपलं. कुणी माराने मेलं, कुणी कैदेत. वाझ मात्र हाती लागले नाहीत. तिथून ते पुत्तलमला, कँडीच्या राजाच्या मुलुखात गेले.

मी इथे पुस्तक मिटलं. माझाच प्रश्न माझ्यापेक्षा कितीतरी मोठा होऊन समोर उभा होता. संत सुटले, आणि त्यांना भाकर देणारे मेले. त्या मेलेल्यांच्या बायकापोरांनी काय म्हटलं असेल?

याची दोन सोपी उत्तरं आहेत, आणि मला दोन्ही पटत नाहीत. एक उत्तर, "देवाची इच्छा." दुसऱ्याच्या अंगावरचे फटके बघून देवाची इच्छा म्हणणं फार स्वस्त आहे. दुसरं उत्तर, "मग जायलाच नको होतं. आपलं घर, आपलं गाव सांभाळावं." हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण हे उत्तर सिल्लालैच्या माणसांना विचारात घेत नाही. तीस वर्षं धर्मगुरू नसताना त्यांनी घराघरात प्रार्थना चालू ठेवल्या होत्या, मुलांना शिकवलं होतं. दारात आलेल्या त्या आजारी भिकाऱ्याला आत घेताना त्यांना डचांचा कायदा ठाऊक नव्हता का? चांगला ठाऊक होता. त्यांनी धोका ओळखून दार उघडलं. मोल त्यांनी भरलं, ते स्वतःहून भरलं. त्यांना नुसतं बिचारं म्हणणं म्हणजे त्यांचा निर्णय त्यांच्याकडून काढून घेणं आहे.

इथे मला माझ्या दुखण्याचं मूळ सापडलं. आईचं करण्याचा मला कंटाळा नव्हता. मला राग होता तो गृहीत धरल्याचा. "आईला तू आहेस ना." मला कुणी विचारलं नव्हतं. कुणी माझं नाव हिशेबात धरलं नव्हतं. दुसऱ्याच्या त्यागावर उभं राहण्यात पाप नाही, आपण सगळेच तसे उभे आहोत. पाप आहे ते न विचारता उभं राहण्यात, आणि खाली कोण आहे ते न बघण्यात.

ऋणी माणूस काय करतो?

मग प्रश्न राहतो, ज्याच्यासाठी इतरांनी एवढं सोसलं तो माणूस पुढे कसा वागतो?

वाझ परत गोव्याला गेले नाहीत. १६९२ मध्ये ते कँडीला पोचले, तर पोर्तुगीजांचा हेर म्हणून जॉनसकट कैदेत. राजा बौद्ध, दुसरा विमलधर्मसूर्य. पुढे दुष्काळात वाझ यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला, अशी परंपरा सांगते, आणि राजाने त्यांना मोकळीक दिली. पावसाची ती गोष्ट आपल्या मुलांना माहीत असते. मला मात्र तुरुंगातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. कैदेत बसून ते सिंहली भाषा शिकले. तमिळ आधीच शिकले होते. ज्यांच्या घरात जेवायचं त्यांच्या भाषेत बोलायचं, हा ऋणाचा पहिला हप्ता.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. या कॅथलिकांचा छळ केला तो ख्रिस्ती डचांनी, आणि त्यांना आसरा दिला तो बौद्ध राजाने. शांतीचं घर कुठे भेटेल, हे पाठवलेल्याने आधी ठरवायचं नसतं.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबार शहर सोडून गेले. घरच्यांनी आपल्या आजाऱ्यांना रानात नेऊन टाकलं. वाझ आणि नुकताच गोव्याहून आलेला त्यांचा भाचा, फादर जोसेफ कार्व्हालो, मागे राहिले. त्यांनी रोग्यांसाठी झोपड्या उभारल्या, त्यांना धुतलं, खाऊ घातलं, मेलेल्यांना पुरलं. हा कॅथलिक, हा बौद्ध असं बघितलं नाही. जाफन्यात लोक त्यांच्यासाठी थांबले होते, कँडीत ते लोकांसाठी थांबले. याने मागचा हिशेब फिटला असं मी म्हणणार नाही, मेलेली माणसं परत येत नाहीत. पण ऋण ओळखणारा माणूस असा वागतो.

पुढे त्यांना बिशप करण्याचं घाटत होतं, त्यांनी नकार दिला. त्यांनी धर्मग्रामाची घडी बसवली तीही स्वतःवर अवलंबून नसलेली. फादर वर्षातून एखाद्या वेळी येणार, हे धरून गावोगाव लोकांमधूनच पुढारी नेमले. चर्चची व्यवस्था पाहणारा तो मुप्पु, प्रार्थना चालवणारा आणि शिकवणारा तो अण्णावी. फादर नसला तरी रविवार साजरा होत होता. त्यांच्यामागून आलेले फादर जाकोम गोन्साल्विस, आपल्या दिवाडी बेटावरचे, १७०५ मध्ये तिथे पोचले आणि १७४२ मध्ये तिथल्याच मातीत विसावले. त्यांनी सिंहली आणि तमिळमध्ये इतकं लिहिलं की सिंहली कॅथलिक साहित्याचा पाया त्यांनी घातला असं मानतात. गोव्याच्या ओरेटरीचे फादर सुमारे दीडशे वर्षं ते मिशन सांभाळत राहिले. पुढे पोर्तुगालने १८३४ मध्ये धार्मिक संघ बंद केले आणि ओरेटरीही संपली. श्रीलंकेतली चर्चेस उभी राहिली, पाठवणारं घरच राहिलं नाही.

वाझ यांनी १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर त्यांना संत म्हणून घोषित केलं.

संताचं कौतुक करताना एक उणीवही सांगते, नाहीतर चिंतन खोटं ठरेल. आपल्याच माणसांचा म्हणून ज्याचा आपण अभिमान बाळगतो त्या ओरेटरीत फक्त ब्राह्मण घराण्यातल्या धर्मगुरूंना प्रवेश होता. युरोपीयांनी आपल्याला लावलेलं दार यांनी दुसऱ्या आपल्याच माणसांना लावलं. आणि तो सेवक जॉन? होडीत होता, भिकेत होता, तुरुंगात होता. त्याचा सण नाही. प्रत्येक मिशनच्या मागे असा एक जॉन असतो. कधी त्याला वाटा दिसतो, कधी नाही.

आपण खाल्लेली भाकर

एवढं वाचून झाल्यावर मी स्वतःकडे वळले. आजपर्यंत आम्ही काय काय खाल्लं, कुणाच्या घरचं? आपण मराठीत प्रार्थना करतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधून आलेला एक जेज्वित धर्मगुरू, थॉमस स्टीफन्स, साष्टीच्या लोकांकडून भाषा शिकला आणि मराठीत ख्रिस्तपुराण लिहून गेला. १६१६ मध्ये ते राशोलला छापलं गेलं. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये सुरू केलं ते जर्मन जेज्वितांनी. पहिल्या महायुद्धात त्यांच्यातल्या बहुतेकांना इथून जावं लागलं. माझ्या घरातली दोन माणसं त्या कॉलेजात शिकली.

त्या जर्मन फादरांनाही घर असणार. कुणाची तरी आई असणार, आणि तिच्याजवळ राहिलेली एखादी बहीण. तिनेही थंडीच्या रात्री आईची कूस बदलली असेल आणि मनात म्हटलं असेल, "तो तिकडे हिंदुस्थानात, आणि इथे मी." तिचं नाव कुठल्याच कॉलेजच्या पाटीवर नाही. पण आमच्या घरातल्या शिक्षणात तिचा वाटा आहे. मी तिला कधी विचारात घेतलं होतं? माझा भाऊ मला विसरला म्हणून मी चिडले, आणि मी स्वतः तिला आयुष्यभर विसरले होते.

याने माझा राग गेला असं नाही. तिला कुणी विचारलं नाही म्हणून मलाही विचारू नये, असं होत नाही. पण राग थोडा सरळ झाला. त्याला नाव मिळालं. मी भावाला एक लांबलचक निरोप लिहिला. "तू जाऊ नको होतास, असं मी म्हणत नाही. पण तुझ्या मिशनमध्ये मी पण आहे, एवढं मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

दोन दिवस उत्तर आलं नाही. मग फोन आला. म्हणाला, "ताई, मी तुला विचारलंच नाही. मी सगळं धरून चाललो." पुढे बराच वेळ तो काही बोलला नाही. मीपण नाही.

नंतर जे झालं ते त्यानेच सांगितलं. चार चर्चेसपैकी एका चर्चची देखभाल करणाऱ्या एक वयस्क बाई आहेत. त्याच त्या, व्याकरण दुरुस्त करणाऱ्या. त्यांना याचा चेहरा बघून काहीतरी कळलं. याने आईचं सांगितलं. त्या रागावल्या. म्हणाल्या, "हे आम्हाला आधी का नाही सांगितलं? आम्ही काय लहान मुलं आहोत?" पुढच्या आठवड्यात धर्मग्रामाच्या समितीने बसून ठरवलं की रविवारी प्रभुशब्दाची उपासना लोकच चालवतील, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेण्याचं काम वाटून घेतील, आणि फादर पाच आठवडे घरी जातील.

बघा, त्याला वाटत होतं की तो नसेल तर तिथे काहीच चालणार नाही. सात वर्षं तो त्यांना देत होता, त्यांच्याकडून घ्यायला शिकला नव्हता. दारात उभं राहून मागणारा वाझ त्याच्यात नव्हता, आणि त्या बाईंमध्ये एक अण्णावी केव्हापासून तयार होता.

तो आला. पाच आठवडे रात्रपाळी त्याची. पहिल्या रात्री भांडं कसं लावायचं ते मला विचारायला आला, तेव्हा मला हसू आलं आणि रडूही आलं. आई वॉकरवर चार पावलं टाकायला लागली ती तो असतानाच. जाताना त्याने तिच्या पलंगाशी मिस्सा केली आणि प्रार्थनेत त्या चार गावांची नावं घेतली. आईला ती नीट उच्चारता येत नाहीत. पण आता रोज संध्याकाळी रोझरीनंतर ती "तिकडच्या माणसांसाठी" एक आमच्या बापा म्हणते.

माझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळालं का? नाही. आईचं बरंचसं अजून माझ्याकडेच आहे, आणि काही रात्री जड जातात. जवळचे आधी की लांबचे, याचा एकच नियम मी तुम्हाला देऊ शकत नाही. पण एवढं मला कळलंय. दूर जाणारा कधीच एकटा जात नाही. त्याच्या एका बाजूला मागे राहिलेली माणसं असतात, दुसऱ्या बाजूला दार उघडणारी. दोन्हीकडची भाकर खाऊन तो चालतो. हे ज्याला माहीत आहे त्याने जावं. तो मालकासारखा वागणार नाही, आणि घरच्यांना विचारायला विसरणार नाही.

आज स्वतःला विचारू या

माझ्या सेवेचा भार माझ्याऐवजी कोण उचलतं? मी त्या माणसाला कधी विचारलं आहे का?

माझ्या धर्मग्रामातले फादर किंवा सिस्टर कुणाच्या घरातून आलेत? त्यांच्या आईवडिलांची मी कधी चौकशी केली आहे का?

मला द्यायला आवडतं. घ्यायला आवडतं का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आपल्या शिष्यांना रिकाम्या हातांनी पाठवलंस, आणि तू स्वतःही दुसऱ्याच्या घरी जेवलास, दुसऱ्याच्या होडीत बसलास, दुसऱ्याच्या कबरेत निजलास. घर सोडून दूर गेलेल्या सगळ्या धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना सांभाळ. त्यांना दार उघडणाऱ्यांना सांभाळ. आणि जे मागे राहिले, ज्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, त्यांची नावं तू विसरू नकोस. जाफन्याच्या त्या कैद्यांना आणि जॉनला तुझ्या मेजवानीत जवळ बसव. आम्हाला विचारायला शिकव, आणि घ्यायला शिकव. संत जोसेफ वाझ, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.